रेवणप्पाची माती

तीर्थरूप अप्पांच्या पायांवर चन्नय्याचं डोकं.

मी बरा हाय. दोन वक्त पोटभर मिळायलंय, ज्वारीची भाकर तेवढी न्हाई. अव्वाचे गुडघे कसे हाईत? औरादच्या बाजाराला ती अजून चालतच जायलीय का?

पलटणीत पंडिताचं काम शिकायलोय. आजाऱ्याजवळ बसायचं, मेलेल्याचं शेवटचं करायचं.

आपल्या गल्लीतल्या निलम्माचा रेवणप्पा पटकीनं गेला. तार तिला मिळाली असंल. साहेबाचा हुकूम झाला, साथीत गेलेल्यांना एकत्र जाळा. मी म्हणलो, आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, बसवून माती देतेत. थोरले पंडित म्हणले, "खड्डा खणायला धडधाकट माणूस कुठं उरलाय?" अग्नी मीच दिलो.

राखेत त्याच्या गळ्यातलं लिंग सापडलं. माती देताना गावचे अय्या म्हणून तुम्ही ज्याचं त्याच्या डाव्या हातात ठेवता, ते रेवणप्पाचं माझ्या पिशवीत हाय. रोज माझ्या लिंगाआधी त्याची पूजा करतो. तरी डोळा लागला की रेवणप्पा समोर मांडी घालून बसतो आन् डावा हात पुढं करतो.

निलम्मा तुम्हाला विचारंल, "अय्या, माझ्या लेकराला बसविला का?" तुम्ही व्हय म्हणा. तुमच्या तोंडून खोटं कधी निघालं न्हाई, म्हणून तिला पटंल. मग तिच्याकडं क्षमा मागायची माझी वाट बंद व्हते. तिच्या वाटणीची क्षमा तुम्हीच करा, अप्पा. होत नसली तर तसं लिहा, पण लिहा.

तुमचा,
चन्नय्या