घेण्यास नकार

मी, श्रीमती जयमाला परेश चुरी, वय वर्षे ६६, टपाल खात्यातील निवृत्त पोस्टमन, राहणार मल्याण, डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉ. निलम शाह यांनी तसे लिहून दिले आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. सकाळपासून तीनदा उठले, दोनदा दार उघडून रस्ता बघून आले. येत्या गुरुवारी वापीच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. परत आले तर हा कागद मीच फाडीन. नाही आले तर शब्द न् शब्द पाळावा.

१. मल्याणचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती परेश पोस्टमन असतानाच वारले आणि त्यांच्या जागी खात्याने मला घेतले. तेव्हा अनिकेत तीन वर्षांचा होता, अदिती पाचची. तेवीस वर्षे सायकल मारून, कर्ज काढून हे घर बांधले आणि ते कर्ज फेडले. मग २०२२ साली अनिकेतला चारोटीला हायवेवर हॉटेल टाकायचे होते म्हणून हेच घर पुन्हा बँकेकडे गहाण ठेवले. सही माझी, राजीखुशीची. अदिती बोर्डीहून मुद्दाम येऊन म्हणाली होती की यात घर घालू नकोस. मी तिला म्हटले, तुला भावाचे बरे बघवत नाही. ते वाक्य मी येथे लेखी मागे घेते.

घर कोणाला, हे लिहायला हात वळत नाही. पुढे लिहीन.

२. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या सून रुचिता हिला द्याव्यात. आमच्या घरात तोंड उघडून बोलणारी ती एकटीच. सायकल भंगारात घालावी, कोणाला देऊ नये. तिचा ब्रेक कधीच धड लागला नाही, एखाद्याच्या जिवावर बेतायचे.

३. माझे दीर गोविंदराव यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. हॉटेलसमोर रस्त्याचे काम निघाले, गाड्या थांबेनात आणि ऑगस्टपासून हप्ते थकले, तेव्हा भाऊजी आमच्या पडवीत बसून चहा पीत म्हणाले, "वहिनी, नोटीस हातात घेतलीच नाही तर लागू कशी होणार? पोस्टमनला सांगायचं, नाही घेत." ज्याने जन्मात कर्ज काढले नाही त्याचा कर्जावर भारी अभ्यास. यापुढे आधी वाचावे, मग बोलावे, एवढ्यासाठी चष्मा.

पण भाऊजींना काय बोलू? ते अजाण होते. मी तर या धंद्यात केस पांढरे केले. पाकीट परत केले की पोस्टमन त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा लिहितो, आणि कायद्याने ते मिळाल्यासारखेच धरतात, हे मी नव्या पोरांना शिकवलेले आहे. तरी ११ डिसेंबरला देवजी पोस्टमन माझ्या नावाचे स्पीड पोस्ट घेऊन आला तेव्हा मी अर्धे दार लोटून म्हटले, नाही घेत. त्याने शेरा मारला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि मला हलके वाटले, हे कबूल करते. तो हलकेपणा संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

४. पोस्टातल्या माझ्या बचत खात्यातून रुपये पंधरा हजार हिरकणी माच्छी, राहणार तलासरी, हिला द्यावेत. कारण लिहिणे भाग आहे. २००९ साली तिच्या नवऱ्याच्या नावाने एका पतपेढीची नोटीस आली. तो हात जोडून म्हणाला, ताई, काहीतरी करा. मी केले. तीन वेळा ते दोघे माझ्या पुढ्यात उभे असताना पाकिटावर "दार बंद" लिहिले आणि पुण्य केल्यासारखी घरी आले. पतपेढीने शेवटी कागद दारावर चिकटवला, तोवर हातात दिवस उरले नव्हते. घराचा लिलाव झाला. आज ती तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि भाड्याच्या खोलीत राहते.

गेल्या वर्षी मी तिला जाऊन सगळे सांगितले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने मला बसायला पाट दिला आणि एवढेच म्हणाली, "जयाताई, तू कागद दिला असतास तर आम्ही निदान भांडलो तरी असतो."

हे पैसे भरपाई नव्हेत. घराची भरपाई पंधरा हजारात होत नाही. अनिकेतने ते स्वतः नेऊन द्यावेत आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यावे.

५. आता अनिकेत, तुझ्यासाठी. तांदळाच्या डब्यामागे तू लपवलेली बँकेची तीन पत्रे मला नोव्हेंबरातच सापडली. मी ती वाचली आणि जशीच्या तशी परत ठेवली. तू माझ्यापासून लपवत होतास, मी तुझ्यापासून. रुचिता म्हणाली, दोघे मिळून एकदा बँकेत तरी जा. आपण दोघेही तिच्यावर खेकसलो.

परवा शुक्रवारी देवजी त्याच नोटिशीची दुसरी प्रत घेऊन आला. मोबाइल पुढे धरून खाली बघत त्याने विचारले, "मावशी, काय लिहू?"

मी म्हटले असते ते त्याने लिहिले असते. मीच त्याला हाताला धरून तयार केला आहे. माझ्या छातीत असे धडधडले की झडप तिथेच निकामी होते की काय वाटले. मग मी बोटाने मोबाइलवर सही केली आणि पाकीट पडवीतच फोडले. थकलेले कर्ज भरायला साठ दिवसांची मुदत आहे, नाहीतर बँक घराचा ताबा घेणार. नकार दिला त्या दिवसापासून ती धरली तर ९ फेब्रुवारीला संपते. आज बावीस दिवस उरले.

तेव्हा उद्या सोमवारी बँकेत जायचे. फोन करू नये, समोर जाऊन बसावे, आणि अदितीला बरोबर न्यावे, तिला नीट बोलता येते. हॉटेल का बसले, दर महिन्याला खरोखर किती जमेल, ते कागदावर लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागावा. हातात असेल तेवढी रक्कम त्याच दिवशी भरावी. हायवेवरच्या व्याजवाल्याच्या दारी पाऊल टाकशील तर माझ्या तेराव्याला बसू नकोस. आणि मी गेले म्हणजे कर्ज माफ, असेही समजू नकोस. कर्जाचा विमा घ्या म्हणून बँकेतली मुलगी सांगत होती, तेव्हा आपणच पैसे वाचवले.

६. घराचे. बँकेने मुदत वाढवली आणि हप्ता झेपला तर घर अनिकेत व अदिती यांचे निम्मे निम्मे. नाही झेपला तर लिलावाची वाट बघू नये. बँकेची लेखी परवानगी घेऊन आपणच गिऱ्हाईक बघावे, कर्ज फेडावे आणि उरेल ते दोघांनी वाटून घ्यावे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी अदितीला नेमते.

मी असेन तोवर घर विकू देणार नाही, असे मी अनेकदा बोलले आहे. अनिकेत त्यालाच घाबरला. गेले नऊ दिवस तो चारोटीला हॉटेलच्या बाकड्यावर झोपतो, कारण मला तोंड कसे दाखवावे हे त्याला कळत नाही. दोन पोरांना परत यायला हक्काची जागा असावी म्हणून मी ते घर बांधले. पोरगाच यायला भितो, तर ते घर जाऊ दे. मला त्याचे दुःख होईल, खूप होईल, पण अनिकेत, तुझ्यापेक्षा ते मोठे नाही.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तेवढी सवड आता नाही. म्हणून याची एक प्रत रुचिता आज दुपारच्या एसटीने चारोटीला घेऊन जात आहे. अनिकेत, वाच, आणि रात्री जेवायला घरी ये.

सही : जयमाला परेश चुरी
ठिकाण : मल्याण, डहाणू
दिनांक : १८ जानेवारी २०२६, रविवार

लिहिणारीने आम्हा दोघांसमोर सही केली, व आम्ही तिच्यासमोर :
१. देवजी लाडक्या धोडी, पोस्टमन
२. डॉ. निलम शाह, डहाणू रोड