माझ्यातल्या म्हाताऱ्या

मंगळवार, संध्याकाळ. दवाखाना.

लिही गं सई. आजीची रोजनिशी लिहायला पेन बरं आठवलं, पण काल डब्यात खर्डा टाकायचा इसरलीस की! आणि म्हातारी म्हणं मी.

आज डॉक्टर म्हणाला, "आजी, औषधानं बऱ्याच मेल्या. काही मात्र नुसत्या म्हाताऱ्या झाल्यात. वाढत नाहीत, मरत नाहीत, बसल्या जागी शेजारच्यांना चिथवतात."

मला वाटलं, वॉर्डातल्या आम्हा बायकांचंच सांगतोय. म्हटलं, "तोंडावर बोलतोस व्हय रं?"

तो हसला. "आजी, तुमच्या कॅन्सरच्या पेशींचं सांगतोय."

मग मला हसू आलं न्हाय. घरी कधी सोडतोस, म्हटलं. तर म्हणाला, त्यांच्यावर नजर ठेवायची, नवं औषध देऊन बघायचं, तवर इथंच. त्या माझ्यात ठाण मांडून बसल्यात, म्हणून मी ह्या खाटेवर. तिकडं राधानगरीला म्हस विणार हाय, तिच्याजवळ कोण बसंल? माझ्यातल्या ह्या म्हाताऱ्या आधी जाणार, का मी? हे खोडू नकोस, राहू दे.

उद्या खर्डा जास्त घाल. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सकाळपासनं गप पडलीय. तिला जरा चिथवायचं हाय.