पिवळ्या शर्टाची तक्रार

बिबवेवाडी, पुणे
शुक्रवार

ती. ताई,

माधवचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेवढे दोन अवयव टेकले असे समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींनी पेपरवाल्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली का? सुनीतीसाठी तू आणलेल्या नाशिकच्या स्थळाबद्दल लिहायलाच बसलो होतो, पण आधी दुसरे सांगतो, कारण बालेवाडीच्या हॉलमध्ये मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

तुला आठवत असेल, पोरगी शाळेत व्हॉलीबॉल खेळू लागली तेव्हा तू म्हणाली होतीस, माळ्यावरचा डबा काढायला हिला स्टूल लागते, ही नेटवरून काय मारणार? मी तेव्हा फार रागावलो होतो (तुझ्यासमोर नव्हे). पण तिने नाद सोडला नाही आणि यंदा लीगमधल्या एका संघाने तिला चक्क पगारी घेतले. म्हणून पहिला सामना बघायला मी आणि तुझी वहिनी डबा घेऊन गेलो. बघतो तर तिच्या संघातल्या बाकी सगळ्या मुली निळ्या शर्टात आणि आपली एकटी पिवळ्यात! वर तिला सारखे आत-बाहेर करत होते, सर्व्हिससुद्धा करू देईनात. वहिनी म्हणाली, मापाचा निळा उरला नसेल. मला ते पटले नाही. उंचीवरून पोरीला वेगळे काढतात म्हणजे काय? मी तिथल्या तिथे आयोजकांना लेखी तक्रार दिली. (पोच मिळाली नाही. मी मागितली होती.)

महापालिकेत मी तक्रारींच्याच टेबलावर होतो, त्यामुळे त्यांचे पुढे काय होते ते मला ठाऊक. म्हणून कोपऱ्यावरच्या बजरंग टेलरकडून हुबेहूब निळा शर्ट शिवून घेतला, पाठीवरच्या नंबरासकट, आणि पुढच्या सामन्याला शिट्टी वाजायच्या आत थेट मैदानात जाऊन तिच्या हातात दिला. पंच माझ्याकडे बघत राहिले. सुनीतीने तोंड टॉवेलात घातले. शेवटी तिच्या प्रशिक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन समजावले. सुनीती म्हणे 'लिबेरो' आहे. पंचांना लांबून कळावे म्हणून लिबेरोचा रंग नियमानेच वेगळा. तिने सर्व्हिस करायची नाही, नेटवरून हाणायचे नाही, फक्त समोरच्यांनी हाणलेला चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. म्हणजे जन्मभर खेळूनही नावावर एक गुण नाही. असले काम तुझी वहिनी घरात वर्षानुवर्षे करते आहे, तिला कुणी पगारी घेतल्याचे ऐकिवात नाही.

त्या दिवशी एक चेंडू गेलाच असे सगळ्यांनी धरले होते. ही लांबून झेपावली, छातीवर घसरत गेली आणि तळहात खाली घालून तो उचलला. अख्खा हॉल उभा राहिला. ताई, मी रडलो. (लोकांना धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितले. हॉल एसी आहे.)

असो. नाशिकची मंडळी सज्जन वाटतात. यज्ञेश्वर निर्व्यसनी आहे, फोनवर मोजके बोलतो. लग्नानंतर खेळ बंद, ही अटसुद्धा त्याच्या वडिलांनी किती गोड शब्दांत घातली! सुनीतीला सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला आत्ता कुठे जमायला लागलंय हो." आणि ताटावरून उठली. रविवारच्या पोह्यांसाठी वहिनीने मटार सोलून ठेवले आहेत. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
माधव

ता. क. मटार आम्ही खाल्ले. रविवारी फायनल आहे, त्यामुळे कार्यक्रम होणार नाही आणि खेळही बंद होणार नाही, एवढे त्यांना तूच कळव. मला वाईटपणा घेता येत नाही, तुला छान जमतो.

ता. क. त्यांना मुलगी बघायचीच असेल तर बालेवाडीला येऊ देत. ओळखायला सोपी आहे, सगळ्या निळ्यांत एकटी पिवळी. मीही लगेच सापडेन. बजरंगकडून आणखी एक शर्ट शिवून आणला आहे, माझ्या मापाचा. पिवळा.