धक्का क्रमांक चारवरील जहाजाचा राहिलेला एक फोटो

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
बंदर प्रशासन कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: धक्का क्र. ४ वरील शिडाच्या जहाजाचा एक (१) फोटो रविवार, दि. २० रोजी काढण्याबाबत.

संदर्भ: १) माझ्या वडिलांचा दि. १ चा अर्ज
२) आपले दि. ९ चे त्रुटीपत्र
३) आपला दि. १५ चा परवाना
४) काल खिडकी क्र. २ वर मिळालेले तोंडी उत्तर

महोदय,

१. मंगळवार, दि. १ रोजी सकाळी माझ्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर आपल्या कार्यालयाचा छापील अर्ज भरला. धक्का क्र. ४ वर महिनाभर पाहुणे आलेले, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी जहाजाची हुबेहूब प्रतिकृती असलेले जहाज त्यांना जवळून टिपायचे होते. माझी आत्या म्हणाली, "नकली जहाज ते. त्याचा कसला फोटो काढतोस?" वडील म्हणाले, "ताई, फोटो तरी कुठे असली असतो?" मग त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "तू शिकलेली. शुद्धलेखन बघ." मी दोन वेलांट्या सुधारून दिल्या. दुपारी ते अर्ज देऊन, पोच घेऊन आले. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "वीस तारखेच्या रविवारी येतेस का? छत्री धरायला कुणी तरी हवं, लेन्सवर ऊन येतं." मी पुस्तकातून मान वर न करता "बघू" म्हटले. बुधवारी सकाळी ते उठले नाहीत.

२. दि. ९ रोजी आपले त्रुटीपत्र त्यांच्या नावे आले. 'बांधणीचे वर्ष' या रकान्यात वडिलांनी धक्क्यावरच्या पाटीवरून मूळ जहाजाचे वर्ष उतरवले होते. त्यामुळे आपल्या कार्यालयाने सदर जहाज तीनशे वर्षांचे धरून ते तरंगण्यास योग्य असल्याचा दाखला आणि मूळ मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. चूक वडिलांची होती, आणि माझीही. मी वेलांट्या पाहिल्या, मजकूर वाचला नाही. तथापि, तीनशे वर्षांपूर्वीच्या मालकाची हरकत आहे की नाही, हे विचारायला कुठल्या खिडकीवर जायचे, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही.

३. दि. १० रोजी मी लेखी खुलासा दिला. त्यात दोनच गोष्टी होत्या: पाटीवरचे वर्ष मूळ जहाजाचे आहे, आणि अर्जदार आता हयात नाहीत. आपल्या कार्यालयाने पहिली गोष्ट मान्य केली. दुसरीची नोंद घेतलेली दिसत नाही, कारण दि. १५ रोजी परवाना आला तो वडिलांच्याच नावाने. त्यावर त्यांचा फोटो आहे, शिक्का आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: 'परवाना अहस्तांतरणीय. परवानाधारकाने स्वतः हजर राहावे.'

४. काल मी मृत्यूचा दाखला घेऊन खिडकी क्र. २ वर आले. लिपिकांनी नवा फॉर्म काढला, अर्धा भरलाही, आणि मग थांबले. "एका जहाजाला एका वेळी एकच परवाना, बाई. आधीचा रद्द झाल्याशिवाय दुसरा अर्ज घेता येत नाही." तो रद्द करा म्हटल्यावर म्हणाले, "धारकाच्या सहीचं पत्र लागेल." मी दाखला काचेला टेकवला. त्यांनी तो नीट वाचला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "हो, पण सही तर लागेलच ना."

५. महोदय, सहीपुरते माहीत नाही, पण चेहऱ्यापुरते आपल्या कार्यालयाने माझ्या वडिलांवर एकतीस वर्षे विश्वास ठेवला आहे. तळमजल्यावर, पास विभागाशेजारच्या खोलीत, पांढऱ्या कापडापुढे स्टूल ठेवून या बंदरात काम करणाऱ्या प्रत्येकाचा ओळखपत्राचा फोटो त्यांनी काढला. क्रेनचालक, हमाल, पाणबुडे, फाटकावरचे रक्षक. सगळ्यांना ते एकच सांगत: "हसू नका. श्वास सोडा." माणूस श्वास सोडतो त्या क्षणी तो खरा दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपलाही फोटो त्यांनीच काढला. "साहेब श्वास सोडीचनात," असे घरी येऊन म्हणाले होते. तीनदा काढावा लागला. आपल्या गळ्यातले ओळखपत्र पाहावे. तिसरा आहे तो.

६. याच माणसाला शेवटी एकदा बंदराचा फोटो काढायला परवाना लागला, याबद्दल माझी तक्रार नाही. नियम ते जाणत होते, म्हणून तर रांगेत उभे राहिले. "जन्मभर टपाल तिकिटाएवढे चेहरे काढले," ते म्हणाले, "एकदा कागदात न मावणारं काही तरी काढू दे."

७. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल आहे. वरची तबकडी पस्तीसवर थांबली आहे. शेवटचा त्यांनी जहाजासाठी राखला होता. त्या पस्तीसांत काय आहे, मला ठाऊक नाही. एक घर रिकामे ठेवून रोल गुंडाळायला मी तयार नाही. जहाज रविवारी दुपारी बारा वाजता सुटते आणि परत येणार नाही.

८. सबब, मी परवानगी मागत नाही. परवानगी आपण दिलेली आहे. रविवारी सकाळी सात वाजता मी फाटक क्र. ३ वर त्यांचा परवाना, त्यांचा कॅमेरा आणि एक छत्री घेऊन येईन. रक्षकांनी परवान्यावरचा चेहरा माझ्याशी ताडून पाहावा. मिशा सोडल्या तर नाक, कपाळ आणि हट्ट जुळतो. मला आत सोडले नाही, तर मी फाटकात उभी राहीन. ओळखपत्र दाखवून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या वडिलांचे काम लटकत असेल. ते बघत मी बारापर्यंत सहज उभी राहू शकते. मला हटवायचे झाल्यास कृपया लेखी आदेश द्यावा, आणि तो परवानाधारकाच्या नावे काढावा.

९. एक दुरुस्ती. काल अर्धवट भरलेल्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'व्यापार' असे लिहिले गेले आहे. लिपिकांचा दोष नाही; मीच तसे सांगितले. शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत आले. पास-फोटोवाला म्हणायची मला लाज वाटे. वडिलांनी एकदा असा फॉर्म पाहिला होता. "कसला गं व्यापार? चेहऱ्यांचा?" एवढे म्हणून हसले, आणि फॉर्मला लावायला माझा फोटो काढून दिला. ती नोंद आज खोडण्यात यावी.

नम्रतेत उणीव नाही, माघारही नाही,

(सही)
अर्जदार, परवानाधारकाची मुलगी
गुरुवार, दि. १७

सोबत: १) परवाना (छायाप्रत, मूळ प्रत रविवारी सोबत आणेन)
२) मृत्यूचा दाखला
३) अर्जदाराचे दोन फोटो, वडिलांनी काढलेले

ता. क. (खिडकी क्र. २ वर उभ्याने लिहिले आहे.) लिपिकांनी कालचा फॉर्म शोधून काढला, 'व्यापार' खोडले आणि पेन धरून विचारले, "मग काय लिहू?" मी सांगितले. ते म्हणाले, "जरा हळू, बाई, साहेब आत आहेत." आपले दालन या काचेच्या मागेच आहे, म्हणून मी पुन्हा, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले: माझे वडील फोटोग्राफर होते. फार चांगले फोटोग्राफर होते.