ओवीचा मुका बाजार

३ नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली, ओवीची शाळा सुरू. मला किल्लारीच्या दोन फेऱ्या. दुपारी स्टँडवर चहा घेत होतो तर तिच्या वर्गशिक्षिकेचा, मोरे मॅडमचा फोन. "घरी बोलते ना हो ती? नक्की?"
म्हणालो, घरी तोंडाला दम नसतो. त्यांना खरं वाटलं नसावं. जूनपासून पोरीनं वर्गात एक शब्द काढलेला नाही. हजेरीलाही नाही. पोरं मुकी म्हणतात.
नांदेडला अशी नव्हती. मी एसटीत कंडक्टर, माझी बदली लातूर डेपोला झाली, सुरेखाची झालीच नाही. ती अजून तिकडंच, दवाखान्यात, नर्स. आई तिथं, बाप इथं, पोर बापाकडं. काहीतरी तुटलं त्यात.
२३ ला सात पूर्ण. यंदा दणक्यात करायचा वाढदिवस.

६ नोव्हें., गुरु.
रेणापूर. गाडी खच्चून भरलेली. ड्रायव्हर गायकवाडनं इलाज सांगितला. त्याच्या भाच्याच्या बर्थडेला माईकवाला आणला होता. हॉल, लायटिंग, पन्नास पोरं. पोराला मध्ये उभं करतो, हातात माईक देतो, "बोल, तुझं नाव काय." लाज पार मोडते म्हणे.
पटलं.
संध्याकाळी ओवीला आणायला खाली गेलो तेव्हा आपांना सांगितलं. रेहाना आपा, आमच्या घरमालकीण. पन्नाशीच्या पुढच्या. खाली त्यांचं शिलाईचं दुकान, वर आम्ही. शाळा सुटली की मी येईपर्यंत ओवी त्यांच्याकडंच असते. त्यांच्याशीही बोलत नाही, पण पाच महिने दोघींचं छान चाललंय.
आपा काज करून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तुमाला पोहता येतं का?"
"न्हाई."
"मग उद्या विहिरीत ढकलून देते तुमाला. भीती पार मोडते."

९ नोव्हें., रवि.
सुट्टी. आपांनी वर निरोप पाठवला, चहाला या. गेलो तर त्यांचा सगळा बेत तयार. हॉल नाही, माईक नाही. घरातच, चार ते सहा. पोरं मोजकी. "लई पोरं बोलावली की कुणीच कुणाचं नसतं."
कोण कोण, ते त्यांनी ओवीला विचारलं होतं. म्हणजे विचारलं नव्हतं. वर्गाचा फोटो आणि खडू पुढं ठेवला आणि स्वतः मशीनवर बसल्या. ओवीनं नऊ जणांवर खुणा केल्या.
मला पाच महिन्यांत नऊ सोडा, दोघांची नावं कळली नव्हती.
त्या नवांत वेदांत आहे. हाच तो, मुकी हे नाव पाडणारा. वर आल्यावर ओवीला म्हणालो, "त्याला कशाला?"
"तो हसला की सगळे हसतात," म्हणाली. "मला आवडतं."
वेदांत यादीत राहिला.

१२ नोव्हें., बुध.
आपांनी खेळ ठरवलेत. एक वासाचा: डोळे बांधून धने, कापूर, चहापत्ती ओळखायची. आणि शेवटचा, मोठा: मुका बाजार. पोरांनी जुन्या पेपरांवर दुकानं मांडायची. बटणं, फिती, बांगड्या, कागदी होड्या. चिंचोके देऊन खरेदी करायची. घासाघीस, भांडण सगळं चालेल, पण हातवाऱ्यांनी. जो बोलेल त्याचा एक चिंचोका कोतवालाला.
सुरेखाला फोनवर सांगितलं. भडकली. "आधीच पोरीला मुकी म्हणतात, अन् खेळ पण गप्प बसायचा? तुम्ही दोघं मिळून पोरीवर शिक्का मारून राहिलात."
मलाही तेच वाटत होतं. खाली जाऊन आपांना तसंच्या तसं सांगितलं.
रागावल्या नाहीत. मशीन थांबवलं. म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरातले सगळे हातानंच बोलायचे. ईदला पाहुणे आले की तो वर माळवदावर, छतावर जाऊन बसायचा. मग त्यांच्या अम्मीनं हा बाजार काढला. "त्या दिवशी पाहुण्यांची पोरं अडाणी अन् आमचा सलीम मास्तर. नंतर पोरं त्याला माळवदावरून ओढून आणायची."
"पण ओवीला तर बोलता येतं, आपा."
"येतं की. जे तिला चांगलं जमतं तिथून सुरू करू. बाकीचं कुठं पळून चाललंय?"
सु.ला पुन्हा फोन केला. सलीमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सुट्टी टाकते, सकाळच्या गाडीनं येते.

१५ नोव्हें., शनि.
आपांच्या दुकानात तालीम. मी, आपा, ओवी. प्रत्येकी दहा चिंचोके.
चौदा वर्षं ओरडून पोट भरणारा माणूस मी. आपांनी एका बांगडीचे आठ चिंचोके मागितले आणि माझ्या तोंडून गेलंच, "आठ? काय लूट हाय का!" एक गेला. "अरे हां," दुसरा गेला. "बरं बरं," तिसरा. पाच मिनिटांत कंगाल.
आणि ओवी! काय ते हात. दोन बोटं नाकाला लावून नापसंती. पाठ फिरवून निघाल्यासारखं करणं, खांद्यावरून हळूच बघणं. आपांनी शेवटी आठची बांगडी दोनला दिली.
मी चौथा चिंचोका घालवला तेव्हा ती हसली. मोठ्यानं, गडगडून. घरी हसते तशी.
आपा एकदम दाराकडं वळल्या, बाहेर कुणी आलंय का बघायला. कुणी आलं नव्हतं. नुसत्याच उभ्या होत्या. पाच महिन्यांत त्यांच्यासमोर तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

१८ मंगळ.
देवणीची मुक्कामाची ड्युटी टळली, बरं झालं.
आमंत्रणं गेली. आपांनी कापडाच्या तुकड्यांचे नऊ बटवे शिवले, दोन रात्री कुणाचं तरी ब्लाउज मागं ठेवून. प्रत्येकावर वेगळं बटण. आत ओवीनं चितारलेली चिठ्ठी: घर, जिना, घड्याळात चार. तिनं स्वतः प्रत्येकाच्या बाकावर नेऊन ठेवले, असं मॅडम म्हणाल्या.
येतील का पण? आले नाहीत तर?
आपांना विचारलं. "आले न्हाई तर दहा जणांचा कुरमुऱ्यांचा सुशीला तुमी खा."

२२ शनि.
तयारी. कुरमुरे भिजवून सुशीला सकाळी करायचा, गुलगुल्याचं पीठ आपांकडं. खोलीतली कॉट बाहेर काढली. आपांनी दारातच एक चटई टाकली: कागद, डिंक, रंगीत दोरे. येणाऱ्यानं आधी आपली टोपी करायची. "आल्या आल्या हाताला काम द्यावं. रिकामं पोरगं भिंतीला चिकटतं."
केक कापताना काय, हेही ठरलंय. सगळे एका पोराकडं टक लावून बघतात तेच वाईट, म्हणाल्या. म्हणून दहाही पोरांनी टेबलाला धरून उभं राहायचं, गाणं टाळ्यांवर, आणि फुंकर सगळ्यांनी मिळून.
किती बारकं बघते ही बाई. मी चौदा वर्षं रोज शेकडो माणसं बघतो, मला हे कधी सुचलं नसतं.
एक गोष्ट मी आपांना न सांगता केली. ओवी कोतवाल आहे, बाजार संपला की घंटा तिनं वाजवायची. तिला म्हणालो, घंटा वाजवून एवढंच म्हण, "बाजार उठला." दोनच शब्द. आई पण येणार आहे ऐकायला.
मान हलवली तिनं.

२३ नोव्हें., रवि.
सगळं लिहायचं आहे. जमेल तसं.
सु. दहाच्या गाडीनं आली. ओवी तिला चिकटली ती दुपारपर्यंत. मी सव्वाचार वाजेपर्यंत जिन्यात उभा. चार वाजता कुणी नाही. चार दहा, कुणी नाही. मग एकदम चपलांचा आवाज, पाच जण एकत्र. साडेचारपर्यंत नऊच्या नऊ. सगळ्यांच्या गळ्यात बटवे.
टोप्या झाल्या. वासाच्या खेळात वेदांतनं कापराला विक्स सांगितलं, धन्याला "आजोबा" म्हणाला. सगळे लोळले. ओवी खरं म्हणाली होती, तो हसला की सगळे हसतात.
मग बाजार. आपांनी ओठावर बोट ठेवलं आणि सुरू. असली शांतता दहा पोरांच्या खोलीत मी कधी ऐकली नाही. नुसती बांगड्यांची किणकिण, पेपरची सळसळ. एक जण घासाघीस करता करता मांडी घालून रुसला. दोघी फितीवरून भांडल्या, कमरेवर हात ठेवून, आवाज शून्य.
मध्येच खालून कुरियरवाला ओरडला, "कुणी हाय का घरात?" दहा पोरं एकदम खिडकीत, दहा बोटं ओठांवर. तो बिचारा पाकीट ठेवून चवड्यांवर निघून गेला.
वेदांत सगळ्यात आधी कंगाल. दहाही चिंचोके ओवीच्या ओच्यात. भिंतीला टेकून बसला, डोळे भरले त्याचे. मला वाटलं, बरं झालं. खोटं कशाला लिहू, तसंच वाटलं.
ओवी उठली. त्याच्यापुढं जाऊन बसली. पाच चिंचोके त्याच्या हातावर ठेवले. मग स्वतःचे गाल फुगवून दाखवले, म्हणजे तोंडात हवा भर, म्हणजे बोलता येणार नाही. तो गाल फुगवून उठला आणि पुढची वीस मिनिटं गाल फुगवूनच बाजार केला. एकही गेला नाही. हळूहळू सगळ्यांचेच गाल फुगले. सगळ्या बाजाराला शिकवून राहिली होती माझी पोर.
सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गुलगुले करपले.
मग घंटा. ओवीनं वाजवली. आणि माझ्याकडं बघितलं. सगळी पोरं तिच्याकडं. मी मान हलवली, बोल बोल. तिचे ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. चेहरा उतरला, हनुवटी थरथरायला लागली, आणि मला कळलं मी काय करून बसलो.
"उठला रे बाजार!" वेदांत बोंबलला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. खोली दणाणली. सगळे एकदम ओरडायला, एकमेकांवर पडायला लागले आणि कुणाचं तिच्याकडं लक्ष राहिलं नाही. आपांनी केक आणला. टाळ्या. दहा फुंकरा.
सहाला कुणी जायला तयार नाही.

२४ सोम.
सु. पहाटेच्या गाडीनं नांदेडला. स्टँडवर म्हणाली, "आपांना माझा नमस्कार सांगा. अन् बाजाराबद्दल मी बोलले ते चुकलं, हे पण सांगा."
आपांना दोन्ही सांगितलं. मग माझंही सांगितलं, ते दोन शब्दांचं.
"कळलं मला कालच," म्हणाल्या. "घाई तुमची हाय भाऊ, तिची न्हाई."
रागाचा लवलेश नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
संध्याकाळी ओवीला म्हणालो, तुला बोल म्हणालो ते चुकलं माझं. तिनं विचार केला. "बाबा, तुम्ही चार चिंचोके घालवले तेव्हा मी हसले होते. आपली फिटंफाट."

२७ गुरु.
मोरे मॅडमचा फोन. वाटलं, तक्रार असणार. पण वेगळंच: मधल्या सुट्टीत झाडाखाली मुका बाजार भरतोय, तीन दिवस झाले. वीसेक पोरं. कोतवाल ओवी. "बोलत नाही अजून," म्हणाल्या, "पण आज हजेरीला हात वर केला. मी रजिस्टरमध्ये तसं लिहून ठेवलंय."
मॅडमना म्हणालो, या एकदा आपांकडं चहाला.
हे आपांना सांगितलं तर त्यांना आनंद झालाच, पण त्या लगेच दुसऱ्याच गोष्टीवर. वेदांतच्या आईनं त्यांना विचारलंय, त्याच्या वाढदिवसाचे खेळ घ्याल का. जानेवारीत. आवाजाचा खेळ हवाय पोरांना. "काय करू मी, भाऊ? मला तर मुकाच येतो." पहिल्यांदा अडलेल्या दिसल्या.

३० नोव्हें., रवि.
सुट्टी. ओवी गॅलरीत, मी आत डाळ निवडत.
खालून वेदांतची हाक. "ओवी! येतेस का?" उत्तर नाही. पुन्हा, "ओवीऽऽ! येतेस का न्हाई?"
मी तोंड उघडलं, येतेय रे म्हणायला. दोन पावलं टाकलीही. गॅलरीत ती कठड्याला धरून उभी, टाचा उंचावून, पाठ माझ्याकडं. मान खाली वाकलेली. श्वास घेतला तिनं. खांदे वर गेले तेवढे मला दिसले.
मी परत फिरलो. स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, खाली बादली, लई आवाज, बाहेरचं काही ऐकू न येण्याइतका. भरली तरी चालू ठेवला.
बंद करून बाहेर आलो तर गॅलरी रिकामी. दारात तिच्या चपला नाहीत.
आपांना सगळं ऐकू गेलं असणार, दुकान खालीच आहे. संध्याकाळी गेलो. त्या कापड बेतून राहिल्या होत्या, माझ्याकडं बघून हसल्या. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. चहा घेतला आणि वर आलो.