कापराची काजळी

सर, तुम्ही मरून गेलात ते तुमच्या फार सोयीचं झालं. बारा वर्षं झाली. कॉलेजात शोकसभा होती, हार मीच आणला होता आणि सगळ्यांत जास्त रडलेही मीच. आता ते रडणं परत मागून घ्यावंसं वाटतं. तुमच्यावर कितीही चिडले तरी तोंडातून ‘तुम्ही’च येतं, एवढं वळण तुम्ही लावून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात नगरला छातीच्या डॉक्टरांकडं गेले होते. शाळेचा एक जिना चढला की मला पहिल्या वर्गाच्या दाराला धरून उभं राहावं लागतं. पोरं आता आपणहून वाट सोडतात, बाई दम खातायत म्हणून. डॉक्टरांनी स्कॅन बघितला. म्हणाले, फुफ्फुसाला वण धरलेत, वणाचा भाग ताणला जात नाही, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मग विचारलं, “पूर्वी काम काय करत होता?” मी म्हटलं, आम्ही कापूर जाळायचो.

त्यांना हसू आलं. मग सगळं सांगावं लागलं. तुम्ही कॉलेजच्या लॅबसाठी बाजारातून पूजेच्या कापराचे पुडे आणायचात, भट्टीतल्या काचेच्या नळीतून त्याची वाफ सोडायचात, आणि नळीला आतून मखमलीसारखा काळा थर धरायचा. कार्बनच्या पोकळ नळ्या, केसापेक्षा हजारो पटीनं बारीक. तो थर मी लांब ब्रशनं खरवडायची आणि कागदावर झटकायची. इतका हलका की नुसत्या श्वासानं उडायचा. कोणी पंखा लावला की तुम्ही ओरडायचात, “फॅन बंद करा, माल उडतोय!” खिडक्यासुद्धा लावून घ्यायचात. कोणाला ठसका लागला तर हसून म्हणायचात, “अहो, कापूर आहे तो. देवापुढं जाळतो आपण. त्यानं कुणाला काय झालंय?” पहिल्यांदा भट्टी तापली त्या दिवशी तुम्ही आरती घेतात तसे तिच्यावरून हात फिरवून तोंडावर घेतलेत, आणि मागोमाग आम्हीही घेतले. सायन्सचा माणूस म्हणे!

डॉक्टरांनी त्या नळ्यांबद्दल वाचलेलं होतं. शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी बाहेरची धूळ गिळून टाकतात, पण हे धागे ताठ आणि पेशीपेक्षा लांब. गिळायला जावं तर अर्धा आत, अर्धा बाहेर. मग तिथं दाह होत राहतो आणि शरीर त्यावर वण चढवत बसतं. मला ते लगेच कळलं. आईच्या बोटांत उसाची काट्यासारखी बारीक कूस रुतायची आणि तिच्याभोवतीचं मांस टणक व्हायचं. ती कूस मी सुईनं काढायची. ही काढायला सुई कुठून आणू? डॉक्टर मात्र सावध माणूस. म्हणाले, उंदरांत असं दिसलंय, माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही, तुमचं त्याच्यामुळंच झालं असं काही मी लिहून देणार नाही. झालं, सुटलात तुम्ही.

पण मी कशी सोडीन? तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. मी ओढणी तोंडाला गुंडाळून उभी आहे, नळी हातात. आईची शिकवण ती. “पोरी, तोंड बांधल्याबिगर फडात शिरू नगंस,” असं ती दर हंगामाला बजावायची, आणि आम्ही खर्ड्याहून निघून चार-सहा महिने उसाच्या फडातच काढायचो. तुम्ही दारातून येता, पाच जणांसमोर थांबता आणि म्हणता, “तोंड बांधून ऊस तोडतात. इथं सायन्स चालतं.” सगळे हसतात. आणि तुम्हाला माहीत होतं, सर! माझ्या फॉर्मवर आईबापाचा धंदा तुम्हीच वाचला होतात. म्हणून तर माझा पहिला पांढरा कोट तुम्ही स्वतः आणून दिलात, आणि देताना किती हळू बोललात, दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. तोच माणूस! मी ओढणी सोडली. नंतरची अडीच वर्षं एकदाही बांधली नाही, एकटी असतानासुद्धा नाही. लई नालायक माणूस होता तुम्ही. हे एकदा मला लिहायचंच होतं.

काल दुपारी आपल्या नगरकडच्या अकोल्याहून फोन आला. माझ्या मागून लॅबमध्ये आली होती ना ती, तिकडच्या डोंगरातली, मास्तरांची मुलगी. तिलाही कोरडा खोकला लागलाय, जाता जात नाही. मी तिला माझं सगळं सांगितलं, आधी स्कॅन करून घे म्हटलं. ती तुमच्या नावानं खडे फोडायला लागली. “ताई, मी तर पहिल्याच दिवशी रुमाल बांधून आले हुते. त्या माणसानं तो बी सोडायला लावला. माझी पोरगी अजून दुसरीत हाय, ताई.”

त्या दिवशी तुम्ही कॉलेजात नव्हतात, सर. पुण्याला गेला होतात. ती आली ती तोंडाला स्वच्छ पांढरा रुमाल बांधून, कुणाला न विचारता, आणि तिला त्याची जराही लाज नव्हती. माझं तोंड उघडं. मला ते बघवेना. मी म्हटलं, “सोड तो. सरांना चालत नाही.” तिला तुम्ही काही बोलला असतात की नाही, कोण जाणे. उसाचा टोमणा तिला लागलाही नसता. तिनं मुकाट्यानं रुमाल सोडला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

काल फोनवर ती तुम्हाला शिव्या घालत होती तेव्हा खरं सांगायला मला भरपूर वेळ होता. मी म्हटलं, “व्हय गं. त्यांनीच.”

हे पत्र खरं तर अकोल्याला जायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडं आहे. पाकिटावर मी तो अजून लिहिलेला नाही.