नरडं किती मिलीमीटर?

१८ मार्च, बुधवार

तीन कॅल्क्युलेटर, तीन उत्तरं! मोटर एकच, माप तेच, मसाला तोच. पहिला म्हणतो आरामात चालेल. दुसरा म्हणतो काठावर आहे. तिसरा म्हणतो आधी नाव, ईमेल आणि कॉलेजचा पत्ता भरा. सोलापुरात सात रस्ता चौकात तीन रिक्षावाल्यांना पत्ता विचारावा तशी गत.

मोटर म्हणजे पाण्याची नव्हे — आईला हे चारदा सांगून झालं. रॉकेटच्या बुडाला असते ती नळी. आत मसाला जळतो, गॅस एका बारीक भोकातून जोरात बाहेर पडतो, रॉकेट वर जातं. भोक बारीक असेल तर आत दाब जास्त. दाब नळीला झेपला नाही की नळी फुटते. एवढंच शास्त्र. बाकी सगळं आमच्या कॉलेजच्या रॉकेट टीमचे बिराजदार सर स्लाइड टाकून वाढवतात.

टीममध्ये मुलगी मी एकटी. सर म्हणाले, "मुलींचं गणित नीटनेटकं असतं. सिद्धेश्वरी, तू कॅल्क्युलेशन हेड." हेड! हाताखाली चिटपाखरू नाही आणि म्हणे हेड. पेटवायचं काम पोरांचं. मी लॅपटॉप घेऊन सावलीत बसायचं.

२१ मार्च, शनिवार

टीममधल्या सोमेशचा लाडका कॅल्क्युलेटर परदेशातला आहे. त्यात मोटर गोल फिरवून बघता येते, म्हणून तो खरा! त्यात तापमान आधीच भरून ठेवलेलं — एकवीस. एकवीस! सोलापुरात एकवीसला माणसं कानटोपी शोधतात. सोमेशला म्हटलं, बदल की ते. म्हणाला, "बनवणारा येडा हाय का?" येडा नसेल रे, पण तो सोलापूरला आलेला नसेल.

ठरवलं. मीच बनवणार. साधी शीट, सगळं मराठीत. मापं भरा, खाली दाब येईल. नळीला झेपणारा असेल तर हिरवा, नसेल तर लाल. पोरांना वाचायला तेवढंच जमतं.

२६ मार्च, गुरुवार

झाला!! पाच रात्रींची झोप घालवली, जर्नल सबमिशन बोंबललं, पण झाला. सरांना दाखवला. दोन मिनिटं बघून म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

"नरडं, सर. नॉझलचा थ्रोट. ते बारीक भोक."

"नरडं? कॉलेजचं नाव जाणार आहे यावर! कंठ लिही."

कंठ म्हणे. रॉकेट काय भजन म्हणणार आहे? नाही बदललं. त्याखाली नळीची जाडी, मसाल्याचं वजन, आणि 'ऊन' म्हणून तापमानाचा चौकोन. आपली मोटर टाकली — हिरवा. गुरु मागून वाकून बघत होता. म्हणाला, "लई भारी की." गुरु आमचा कॅप्टन. मोटर पेटवायला पुढं तोच जाणार. तो 'भारी' म्हणाला तेव्हा मला जरा जास्तच बरं वाटलं. लिहून टाकते, इथं कोण वाचतंय.

३ एप्रिल, शुक्रवार

सगळं नीट लिहिते.

आज गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून टेस्ट. रॉकेट उडवायचं नव्हतं, नुसती मोटर जमिनीत पक्की रोवून पेटवायची आणि स्पर्धेसाठी व्हिडिओ काढायचा. जागा वळसंगला, गुरुच्या काकांचं पडीक रान. सगळ्या परवानग्या काढलेल्या. सगळं जोडून तयार व्हायला साडेदहा वाजत आले. तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं.

"थांबा. साडेदहाला राहुकाळ लागतो. आता बारानंतरच."

मला वाटलं गंमत करतायत. कसली गंमत! सोमेश म्हणाला, "सर, तुमची तर रॉकेटच्याच विषयात पीएचडी." सर म्हणाले, "पीएचडी आहे म्हणून काय राहुकाळात पेटवायचं?"

मग काय — आम्ही लिंबाखाली, मोटर उन्हात. काळ्या पत्र्यावर, उघडी. दीड तास. आम्ही शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, सरांनी नारळाची शेंडी सोलली, आणि मोटरवर काहीतरी झाकावं हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही!

बारा वाजता गुरुनं मोटरला हात लावला आणि ओरडला, "आय्याय्या! चटका बसला बे." मसाला तापलेला असला की भराभर जळतो, दाब वाढतो, एवढं तरी माहीत होतं. फोनवर शीट उघडली, घाईघाईत सगळी मापं परत भरली, ऊन — पंचावन्न. लाल! भडक लाल.

"सर, थांबवा. लाल आलाय."

सोमेश फोन पुढं करून, "माझ्यात हिरवा हाय की." त्याच्यात एकवीसच आहे रे गाढवा!

सर म्हणाले, "पोरगी घाबरली. होतं असं." आणि वायर किती लांब? मोजून वीस पावलं. उरलेली वायर गॅदरिंगच्या लायटिंगला गेली, ती परत आलीच नाही. म्हणजे बटण दाबायला गुरु वीस पावलांवर, आडोसा काहीच नाही. सर नारळ फोडायला वाकले. गुरु बटण घेऊन उभा.

मी गेले, वायर उपसली, बॅटरी काढून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. खरंच बसले! मांडी घालून. बॅटरी पण तापलेली होती, ते वेगळं.

सगळे ओरडत होते. सर "हे बेशिस्त आहे" एवढंच पुन्हा पुन्हा. सोमेश मला हात धरून उठवायला आला तर त्याला म्हटलं, हात लावलास तर चावेन. शेवटी गुरुचे काका, रेवणसिद्धकाका, बांधावरून म्हणाले, "पोरगी न्हाय म्हणतिया तर ऱ्हाऊ द्या की. रान कुटं पळून चाललंय?"

टेस्ट रद्द. परतताना जीपमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गुरुपण नाही.

४ एप्रिल, शनिवार

'सोमेशने तुम्हाला ग्रुपमधून काढले.' बरं.

६ एप्रिल, सोमवार

कँटीनमध्ये माझं नवीन नाव — 'बॅटरी'. हसा की. गुरु जिवंत आहे ना? मग हसा.

पण लिहून ठेवते, वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय. आई म्हणाली, "त्या फटाक्यापायी तोंड उतरवून बसलीस व्हय? ज्वारी निवड." निवडली. दोन किलो. त्यातले खडे बघून सोमेश आठवला.

१० एप्रिल, शुक्रवार

गुरु जिन्यात भेटला. उद्या परत जातायत. सकाळी सरांना पेपरची सुपरव्हिजन आहे, म्हणून भर दुपारीच! आणि सर म्हणालेत म्हणे, "दुपारीच करू. म्हणजे कुणाची शंका राहणार नाही." म्हणजे माझी जिरवायला!

मी गुरुला म्हटलं, नको जाऊ. तो म्हणाला, "कॅप्टन हाय मी. न जाऊन कसं चालंल?" मी म्हटलं, मग मर. आणि वर निघून आले. असं कुणी बोलतं का!

११ एप्रिल, शनिवार

फुटली.

दोन वाजून गेले तरी फोन नाही. मी आईच्या हाताखाली कडक भाकऱ्या थापत होते, एकही धड गोल होईना. आई म्हणाली, "पिठावर का राग काढलालीस?" मग फोन वाजला. गुरु.

"सिद्धे, फुटली बे."

"तू?"

"मी बरा हाय. सगळे बरे हायत."

मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. पिठाचे हात तसेच. तो बोलत होता आणि मी नुसती रडत होते. तो सांगतोय — वायर वीस पावलांचीच होती, पण सकाळी त्यानं काकांच्या बोअरची जुनी केबल मागून आणली, पुढं जोडली आणि बांधाच्या मागं पालथा पडून बटण दाबलं. पोरं हसली. "सोमेश म्हणला, बॅटरीचं वारं लागलं. पण तुझा लाल डोक्यातनं जाईना. काय करू?"

मागच्या वेळी तो उभा होता ना, तिथं पाण्याचं पत्र्याचं पिंप ठेवलेलं. नळीचा तुकडा पिंपातून आरपार गेला.

आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि गुरुला म्हणाली, "बाळा, आदी घरी जाऊन जेव."

१२ एप्रिल, रविवार

'बिराजदार सरांनी तुम्हाला ग्रुपमध्ये जोडले.' खाली सरांचा मेसेज: 'मी पहिल्यापासून सांगत होतो की तापमान हा महत्त्वाचा घटक आहे.' कधी? कुणाला? राहूला?

सोमेश घरी आला. चपला काढून दारातच उभा. "चुकलं," म्हणाला. मी म्हटलं, चावणार नाही, ये आत.

२० एप्रिल, सोमवार

आज सत्कार! शाल, नारळ आणि एक फ्रेम — तिच्यात माझं नाव बरोबर, विषय चुकीचा. प्राचार्यांनी भाषणात मला 'अग्निकन्या' म्हटलं. आगीजवळ कधी जाऊ दिलं नाही, आणि म्हणे अग्निकन्या!

पेपरात फोटो आला. त्यात मी निम्मी, सर पूर्ण. आई ते कात्रण घेऊन गल्लीत फिरली. ज्यांना रॉकेट आणि दिवाळीतला बाण यातला फरक कळत नाही त्यांनाही वाचून दाखवलं.

माझा कॅल्क्युलेटर कॉलेजच्या साइटवर चढवला. खाली वाक्य — 'सोलापूरच्या उन्हात सिद्ध झालेला.' वाक्य सरांचं, पण आवडलं मला. नरडं नरडंच ठेवलंय! लोक उतरवून घेतायत. सांगली, नांदेड. लातूरच्या एका टीमचा फोन आला, सगळ्या मुलीच. त्यांची कॅप्टन शिवानी. म्हणाली, "ताई, आमचे सर दुसरं मानतच नाहीत. तुमचा हिरवा आला तरच पेटवा म्हणतात." मी फोन ठेवून आरशात बघितलं. नाक जरा वर गेलेलं. जाऊ दे, एक दिवस.

संध्याकाळी गुरु आला. चहा प्यायला. म्हणाला, "तुझा लाल नसता तर मी हितं नसतो." आई आत होती. तो गेल्यावर त्याचा कप मी लगेच धुतला नाही.

२५ एप्रिल, शनिवार

साडेअकराला शिवानीचा मेसेज: 'ताई, आज दुपारी पेटवतोय. हिरवा आहे. पण आठ वाजता दाबाचा जो आकडा आला, आत्ता मोटर तापल्यावर ऊन बदललं तरी तोच. बरोबर ना?'

लॅपटॉप उघडला. ऊन पाच टाकलं. तोच आकडा. पंचावन्न टाकलं. तोच. नव्वद. तोच! चौकोन कशालाच जोडलेला नाही. काढला, नाव दिलं, 'नंतर जोडते' म्हटलं आणि सबमिशनच्या गडबडीत राहून गेला. मग वळसंगला लाल कसा आला? फोनवर भरून बघितलं. फोननं नरड्याच्या मापातला दशांशचिन्हापुढचा आकडा गिळला. नरडं बारीक झालं, दाब वाढला, लाल आला. उन्हाचा त्यात काहीही संबंध नव्हता.

शिवानीनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला. "पेटवू नका," म्हटलं. "पण ताई, हिरवा आहे की!" — "हिरवा खोटा आहे. माझं चुकलंय." ती फोन तोंडापासून लांब धरून ओरडली, "वायर काढा गं!"

कॅल्क्युलेटर साइटवरून काढून टाकायला लावला. सांगलीला सांगितलं, नांदेडला सांगितलं. सरांचा फोन लागत नाही.

आता गुरु. तो माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून बांधामागं पालथा पडला, आणि तो आकडा चूक होता. हे त्याला कसं सांगू? फोन हातात धरून बसलेय.